हजेरीची जमीन : जावातील खेड्याची मालमत्ता आणि वाटचाल

जावा बेटाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार त्यावर १५ कोटींहून अधिक माणसे राहतात. एवढ्या दाटीत वाटण्या होत होत बहुसंख्य शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी जमीन उरली आहे, आणि तरीही तेथील ग्रामीण माणसाच्या लेखी मान, आधार आणि म्हातारपणाची सोय या तिन्हींचे माप जमीन हेच आहे. मिळकत बाहेरून यायची आणि पत मात्र गावातल्या जमिनीवर ठरायची, या विसंगतीतून जावातील खेड्याचे आजचे जीवन घडले आहे. कायदा आणि रूढी या दोघांनीही येथे मालमत्ता मालकाच्या गावातील हजेरीशी बांधली, आणि पोटाने मात्र त्याला गावाबाहेर काढले. ही ओढाताण कशी निभावली जाते हे पाहण्यासाठी बेटाच्या दक्षिण भागातील योग्याकार्ता या विशेष प्रांतातील श्रीहार्जो हे गाव आणि त्याच्या पाठीशी असलेला गुनुंगकिदुलचा डोंगराळ मुलूख सोयीचा आहे.

श्रीहार्जो योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेस वीसएक किलोमीटरवर, बांतुल जिल्ह्याच्या इमोगिरी भागात, ओयो नदीच्या काठी वसले आहे. त्याचा एक भाग सपाट भातखाचरांचा आणि दुसरा डोंगरउताराचा आहे. मासरी सिंगारिम्बुन हे इंडोनेशियन मानववंशशास्त्रज्ञ आणि डेव्हिड पेनी हे ऑस्ट्रेलियन कृषिअर्थशास्त्रज्ञ यांनी या गावातील लोकसंख्येचा आणि दारिद्र्याचा हिशेब मांडणारे छोटे पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ग्रामीण जावाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. दोघांनी बाहेरची दारिद्र्यरेषा न आणता गावकऱ्यांचीच ‘चुकुपान’, म्हणजे ‘बेताचे पण पुरेसे’, ही कल्पना प्रमाण मानली, तशा संसाराला किती खाचर आणि किती परसू लागते हे गावाकडूनच समजून घेतले, आणि बहुतेक कुटुंबांकडे त्याहून फारच कमी जमीन असल्याचे दाखवून दिले. गरिबीची व्याख्या गरिबांकडून घेण्याची ही रीत अर्थशास्त्राने पुढे फारशी चालवली नाही, हे खेदाचे आहे.

जमिनीचे तेथे मुख्यतः तीन प्रकार मानले जातात. ‘सावाह’ म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले भातखाचर, ‘तेगालान’ म्हणजे पावसावर पिकणारी वरकस जमीन, आणि ‘पेकारांगान’ म्हणजे घराभोवतीचे आवार, ज्यात माड, केळी, फणस, बांबू, हळद-आले, कोंबड्या आणि एखादे मासळीचे तळे अशी सगळी सरमिसळ असते. मात्र प्रकारांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की जावातील रूढी जमीन आणि तिच्यावरील वस्तू यांना एकच मालमत्ता मानत नाही. जागा एकाची, तिच्यावरचे घर दुसऱ्याचे, आवारातला माड तिसऱ्याचा, आणि त्या माडाचा रस काढून गूळ करणारा चौथा, अशी व्यवस्था तेथे असू शकते, आणि प्रत्येकाचा हक्क स्वतंत्रपणे विकता, वाटता किंवा गहाण ठेवता येतो. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने रूढीतील हेच तत्त्व पायाभूत मानले. त्यामुळे ‘जमीन कोणाची’ या प्रश्नाला गावात सहसा एका नावाचे उत्तर मिळत नाही.

जनावरांच्या बाबतीतही हाच न्याय चालतो. ज्याच्याकडे गाय घेण्यापुरते पैसे आहेत पण चारा कापायला माणूस नाही, तो गाय दुसऱ्याच्या गोठ्यात बांधतो आणि होणारी वासरे दोघांत वाटली जातात. या पद्धतीला ‘गादुह’ म्हणतात. शेतीत अर्धलीला ‘मारो’ आणि एकतृतीयांश वाट्याला ‘मेर्तेलु’ असे शब्द आहेत. उभे पीक कापणीपूर्वीच व्यापाऱ्याला अंदाजाने विकण्याची ‘तेबासान’ ही पद्धत १९७० च्या दशकात अधिक उत्पन्न देणाऱ्या सुधारित भाताबरोबर वेगाने पसरली. त्याआधी कापणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने खुडलेल्या लोंब्यांचा ठरावीक वाटा मिळत असे आणि आलेल्या कोणालाही परत पाठवणे मालकाला शोभत नसे. व्यापारी मात्र मोजकी माणसे आणून कोयत्याने पीक कापून नेऊ लागला. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळाबाबत स्वयंपूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हा जावातील भूमिहीन बायकांचा हा परंपरागत वाटा बऱ्याच गावांतून आधीच आटला होता.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ साली या साऱ्या वाटेकरीला ‘वाटून घेतलेली गरिबी’ म्हटले आणि तो शब्दप्रयोग फार गाजला. गावाची रचना जाणून घेण्यास तो उपयोगी असला तरी त्याने एक गोष्ट झाकली, ती म्हणजे गरिबी वाटली जात असताना जमीन वाटली जात नव्हती. १९६० मध्ये सरकारने कमाल जमीनधारणेचा आणि अर्धलीच्या न्याय्य वाट्याचा कायदा केला, शिवाय सात वर्षे गहाण राहिलेली शेतजमीन सावकाराने कोणतीही रक्कम न घेता मूळ मालकास परत करावी अशी तरतूद केली. अंमलबजावणी रखडल्यावर १९६४ मध्ये साम्यवादी शेतकरी संघटनेने अनेक गावांत जमिनी परस्पर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १९६५-६६ च्या साम्यवादीविरोधी हत्याकांडात मध्य आणि पूर्व जावातील हजारो गावे होरपळली, देशभरात काही लाख माणसे मारली गेली, आणि त्यानंतर तीन दशके जमीनवाटपाचा विषय गावाच्या बैठकीत उघडपणे काढण्याची कोणाची छाती होईना.

योग्याकार्ता प्रांताला याहून जुना असा आणखी एक पदर आहे. १७५५ च्या गियांती तहाने माताराम राज्याचे दोन तुकडे झाले आणि योग्याकार्ताच्या सुलतानाची गादी निर्माण झाली. सारी जमीन सुलतानाची, सरदारांना पगाराऐवजी गावांचा महसूल, आणि कसणाऱ्याला फक्त कसण्याचा हक्क, अशी व्यवस्था विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. १९१८ मध्ये ती मोडून गावांना जमिनीवर हक्क देण्यात आले, परंतु ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नाही ती सुलतानाची, असे त्याच वेळी लिहूनही ठेवले गेले. १९५४ च्या प्रांतिक नियमाने कसणाऱ्यांची वंशपरंपरागत वैयक्तिक मालकी मान्य केली. राष्ट्रीय जमीन कायदा येथे पूर्णपणे लागू व्हायला १९८४ उजाडले, आणि २०१२ च्या विशेष दर्जाच्या कायद्याने सुलतानाच्या गादीला जमीन धारण करणारी कायदेशीर संस्था म्हणून पुन्हा मान्यता दिली. हाच सुलतान प्रांताचा राज्यपालही असतो आणि तो निवडणुकीने ठरत नाही. सुलतानाच्या जमिनीवर घर बांधून राहणारी कुटुंबे राजवाड्याच्या परवानापत्रावर राहतात; दक्षिण किनाऱ्यावर पर्यटन वाढू लागल्यापासून या कागदाचे मोल, आणि तो हाती नसणाऱ्यांची धास्ती, दोन्ही वाढली आहेत.

गावकारभाऱ्यांचा मोबदलाही जमिनीतूनच निघत आला आहे. सरपंचाला ‘लुराह’, चिटणिसाला ‘चारिक’, पाटबंधाऱ्याचे पाणी वाटणाऱ्याला ‘उलु-उलु’ म्हणतात, आणि यांतील प्रत्येकाला पद असेपर्यंत गावाच्या मालकीची खाचरे कसायला मिळतात. जुन्या मराठी मुलखातील पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे, मात्र वतन घराण्याकडे राहत असे आणि ही जमीन खुर्चीबरोबर येते आणि खुर्चीबरोबर जाते. योग्याकार्तात निवृत्त कारभाऱ्यालाही ‘पेंगारेम-आरेम’ नावाचा लहानसा तुकडा दिला जातो. २०१४ च्या ग्रामकायद्याने गावांना केंद्राकडून थेट निधी मिळू लागला, २०२४ च्या दुरुस्तीने सरपंचाची मुदत सहावरून आठ वर्षे झाली, आणि पद आणखी हवेसे झाले. शहरालगतच्या स्लेमान जिल्ह्यात गावाची सामाईक जमीन खासगी बांधकामासाठी दिल्याची प्रकरणे २०२३ मध्ये न्यायालयापर्यंत गेली.

वारसाहक्काच्या बाबतीत जावातील खेडे इस्लामी कायदा आणि रूढी यांच्यामध्ये आपल्या सोयीने वाट काढते. मुलाला दोन आणि मुलीला एक वाटा, ही शरियतची विभागणी तेथे ‘सेपिकुल सेगेन्दोंगान’ या प्रतिमेने सांगतात: पुरुष खांद्यावरच्या कावडीत दोन टोपल्या वाहतो, बाई पाठीशी एक बांधते. पण मुलगा-मुलगी समान, असा रूढीचा पक्षही तितकाच बळकट आहे, आणि व्यवहारात बरेच आईवडील हयातीतच मुलांना तुकडे लावून देऊन वादाला जागाच ठेवत नाहीत. म्हातारपणी सांभाळणाऱ्या अपत्याला, आणि ते पुष्कळदा मुलगी असते, राहते घर मिळते. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने झालेली मिळकत ‘गोनो-गिनी’ म्हणून वेगळी धरली जाते आणि घटस्फोटात तिचे दोन समान भाग होतात. ही मूळची रूढी आज देशाच्या विवाहकायद्याचा भाग आहे. बाजारातील व्यापार आणि घरची तिजोरी पूर्वापार बाईच्या हाती असल्यामुळे जावातील ग्रामीण स्त्रीचे मालमत्तेतील स्थान शेजारच्या अनेक समाजांपेक्षा मजबूत राहिले आहे.

परदेशी माणसाला मात्र या व्यवस्थेत पूर्ण मालकी नाही. ‘हाक मिलिक’ म्हणजे कायम मालकीहक्क फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो, परदेशी व्यक्तीला मुदतीचा वापरहक्कच घेता येतो. परदेशी नवरा केलेल्या गावच्या मुलीची अडचण याहून नाजूक होती, कारण लग्नापूर्वी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला नसेल तर तिने घेतलेली जमीन नवऱ्याशी सामाईक ठरे आणि तिलाही पूर्ण मालकीने जमीन घेता येत नसे. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने असा करार लग्नानंतरही करता येईल असा निर्णय दिला, तेव्हा हा पेच बराचसा सुटला.

जावातील जुने घर ही जंगम मालमत्ता होती, हे आज सिमेंटच्या भिंती पाहून ध्यानात येत नाही. सागाचे खांब, खाचा पाडून खिळ्यांशिवाय जोडलेल्या तुळया आणि विणलेल्या बांबूच्या भिंती यांचे घर सुटे करून दुसऱ्या गावी नेऊन उभे करता येत असे. उंच शिखराचे ‘जोग्लो’ सधनांचे, लांबट छपराचे ‘लिमासान’ मध्यमांचे, साधे दुपाखी ‘काम्पुंग’ बाकीच्यांचे. आत मागच्या बाजूला तीन खोल्या, आणि त्यांतील मधली भाताची देवता देवी श्री हिच्यासाठी राखलेली. अडचणीच्या वर्षी जोग्लो विकून जमीन वाचवल्याची उदाहरणे गावोगाव आहेत, आणि तसे कित्येक सांगाडे आज हॉटेलांत व शहरी बंगल्यांत उभे आहेत. जोग्लो असे विकले जात होते त्याच काळात विटांचे घर प्रतिष्ठेचे झाले. २७ मे २००६ च्या पहाटे झालेल्या भूकंपात बांतुल आणि क्लातेन जिल्ह्यांत पाच हजारांहून अधिक माणसे दगावली, ती मुख्यतः लोखंडी सळ्यांचा आधार नसलेल्या विटांच्या भिंतींखाली. पुनर्बांधणी सरकारी मदतीबरोबरच ‘साम्बातान’वर, म्हणजे शेजाऱ्यांच्या इर्जिकीवर झाली, आणि ती अपेक्षेपेक्षा लवकर झाली.

श्रीहार्जोच्या पूर्वेला चढण लागली की गुनुंगकिदुल सुरू होते. चुनखडीच्या या पठारावर पाऊस पडतो पण पाणी जमिनीखालच्या नद्यांत निघून जाते, म्हणून तांदळापेक्षा कसावा हेच येथले हुकमी पीक. वाळवलेल्या कसाव्याच्या पिठाचे ‘तिवुल’ हे एके काळी गरिबीचे अन्न होते आणि आता ते पर्यटकांना पुड्यांतून विकले जाते. १९६० च्या दशकापासून झालेल्या लागवडीमुळे उघडे बोडके उतार सागाने झाकले गेले आणि साग हाच लोकांचा बँकेतला ठेवा झाला. शास्त्रीय वनव्यवस्थापन झाडाच्या वयाकडे पाहते, येथे मात्र ‘तेबांग बुतुह’, म्हणजे गरजेला तोड, असा हिशेब असतो: मुलीचे लग्न, मुलाची फी, इस्पितळाचे बिल. शेतीबाहेरच्या कमाईचा दाखला म्हणून याच भागातील काजार हे लोहारांचे गाव प्रसिद्ध आहे. अॅन डनहॅम या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने, म्हणजे बराक ओबामा यांच्या मातोश्रींनी, १९९२ च्या आपल्या प्रबंधात ते तपशीलवार अभ्यासले आणि खेड्यातला माणूस नफ्यातोट्याबाबत उदासीन असतो हा जुना वसाहती समज खोडून काढला.

आता हजेरीच्या मुख्य मुद्द्याकडे यावे. १९६१ च्या एका शासकीय नियमाने शेतजमिनीची गैरहजर मालकी निषिद्ध ठरवली. मालकाने जमीन ज्या तालुक्यात आहे त्या किंवा त्याला लागून असलेल्या तालुक्यातच राहिले पाहिजे, आणि सलग दोन वर्षे बाहेर राहिल्यास जमीन दुसऱ्याच्या नावे केली पाहिजे. सरकारी नोकरांना यातून सवलत आहे. शहरी भांडवलदाराने गावची खाचरे गिळू नयेत हा हेतू रास्त होता. पण नियम झाला त्या वेळी गावातील माणूस गावात राहूनच जगेल अशी जी कल्पना होती ती जावात तेव्हाही खरी नव्हती. मजूर म्हणून १८९० ते १९३९ या काळात सुमारे ३३ हजार जावानी माणसे दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली होती. १९०५ मध्ये केदु भागातील १५५ कुटुंबांना सुमात्राच्या लाम्पुंगमध्ये वसवून डच सरकारने स्थलांतराची जी योजना सुरू केली, ती स्वतंत्र इंडोनेशियानेही पुढे अनेक दशके चालवली. गुनुंगकिदुल आणि शेजारच्या वोनोगिरीतून जाकार्तात गेलेले नूडल्सचे आणि मांसगोळ्यांच्या रश्श्याचे गाडेवाले, हाँगकाँग-तैवानमध्ये घरकाम करणाऱ्या बायका, मलेशियातील बांधकाम मजूर हे आजचे गैरहजर मालक आहेत.

यावर गावाने काढलेला तोडगा साधा आहे. माणूस जातो, ओळखपत्रावरचा पत्ता जात नाही. वीस वर्षे जाकार्तात राहणारा गाडेवाला कागदोपत्री गावचाच असतो, खाचर भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे अर्धलीने असते, आणि भूमापन कार्यालय खोलात शिरत नाही. २०१७ पासून देशभर वेगाने झालेल्या सरसकट जमीन नोंदणीत गावच्या जुन्या करवहीतील नोंदींची जागा प्रमाणपत्राने घेतली, तंटे कमी झाले, कर्ज मिळणे सोपे झाले. परंतु प्रमाणपत्रावर एक नाव येते आणि माडाचा, घराचा, अर्धलीचा हक्क त्यावर मावत नाही. गावाबाहेरच्या खरेदीदाराला हे सोयीचे आहे आणि गावातल्या दुबळ्या वाटेकऱ्याला गैरसोयीचे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

कागदावरच्या हजेरीने मात्र गावाचे समाधान होत नाही. पंधरा-वीस ते काही डझन घरांचा मिळून ‘रुकुन तेतांगा’ नावाचा शेजारगट असतो. त्याची घडण जपानी ताब्याच्या काळात झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. प्रत्येक घराबाहेर टांगलेल्या लहान डब्यात रात्री मूठभर तांदूळ, आता बहुधा नाणे, ठेवायचे आणि रोंद घालणाऱ्या पुरुषांनी ते गोळा करायचे, याला ‘जिम्पितान’ म्हणतात. ज्या घराचा डबा रिकामा राहतो त्याची चर्चा होते. बायकांची ‘आरिसान’ ही भिशीच आहे. लग्नमुंजीच्या, म्हणजे तेथे लग्न आणि सुंतेच्या, आहेराची वही घरोघर जपली जाते, आणि त्यात नोंदवलेली रक्कम योग्य वेळी परत करणे हे कर्ज फेडण्याइतकेच बंधनकारक असते. लग्नसराईच्या महिन्यात मजुराची सारी कमाई आहेरात जाते अशी कुरकूर सर्वत्र ऐकू येते, तरी वही बंद करण्याचे धाडस कोणी करत नाही, कारण परगावी असलेल्या माणसाच्या मागे त्याची म्हातारी आई आणि त्याचा बांध याच वहीच्या भरवशावर सुरक्षित असतात.

गावाचा प्रवासही पूर्वी काळाशी बांधलेला होता. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असा पाच दिवसांचा आठवडा अजून चालतो. जुने बाजार त्या त्या दिवशी भरत आणि व्यापारी बाया पाठीवर गाठोडे बांधून एका बाजारातून दुसऱ्यात जात. पाच आणि सात दिवसांच्या चक्रांचा मेळ ३५ दिवसांनी बसतो आणि गावच्या बैठका त्या मेळाने ठरतात. इमोगिरीच्या टेकडीवर ज्याची कबर आहे त्या सुलतान आगुंग या राजाने १६३३ मध्ये शके १५५५ चा आकडा तसाच ठेवून वर्ष मात्र इस्लामी चांद्र पद्धतीचे केले. अधिक महिना नसल्याने हे वर्ष पुढे पुढे सरकते, म्हणून २०२४ मध्ये जावात १९५८ साल सुरू झाले तेव्हा महाराष्ट्राच्या पंचांगात शके १९४६ होते.

१९७० च्या दशकात मित्सुबिशीच्या कोल्ट नावाच्या छोट्या गाड्यांनी खेडी शहराला जोडली आणि काही वर्षांत गावाबाहेर रोजगाराला जाऊन संध्याकाळी परतणे शक्य झाले. नंतर हप्त्यावर मिळणाऱ्या मोटारसायकलींनी त्याच गाड्यांचे प्रवासी पळवले. आज म्हातारी, शाळकरी मुले आणि ज्यांना मोटारसायकल परवडत नाही अशी माणसे यांच्यासाठी गावात सार्वजनिक वाहन जवळजवळ उरलेले नाही, आणि या बदलाची किंमत कोणी मोजलेली दिसत नाही.

सर्वांत मोठा प्रवास अर्थातच ‘मुदिक’, म्हणजे रमजान ईदेला गावी परतणे. २०२४ मध्ये वाहतूक मंत्रालयाच्या पाहणीने १९ कोटी ३६ लाख लोक प्रवास करतील असा अंदाज दिला होता. २०१८ च्या अखेरीस जाकार्ता ते सुराबाया जलदमार्ग पूर्ण होऊनही त्या आठवड्यात वाहनांच्या रांगा लागतातच. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे मुदिकवर बंदी होती, तेव्हा कित्येक जण आडवाटांनी, रात्री, मालमोटारींत लपून गावी गेले. बाहेरच्यांना हा हट्ट भाबडा वाटला. पण थोरांच्या गुडघ्यांशी वाकून क्षमा मागणे, कबरी साफ करणे, अर्धलीचा हिशेब घेणे, अर्धवट घरावर आणखी एक खोली चढवणे आणि भावंडांत वाटणीची बोलणी करणे ही सारी कामे त्याच आठ-दहा दिवसांत उरकायची असतात, आणि जो सलग काही वर्षे येत नाही त्याच्या जागेची कुंपणे हळूहळू आत सरकतात.

अलीकडे प्रवासाची दिशा उलटही झाली आहे. गुनुंगकिदुलमधील न्ग्लांगेरान गावाला २०२१ मध्ये आणि इमोगिरीतील बाटिक करणाऱ्या वुकिरसारीला २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन-ग्राम म्हणून निवडले, आणि ओयोकाठच्या खाचरांतून आता सुट्टीच्या दिवशी सायकलस्वार जातात. यातून गावातल्या तरुणांना काम मिळाले हे चांगलेच आहे, परंतु त्याबरोबर जमिनीचे भाव चढले आणि जमीन घेऊ पाहणाऱ्या नव्या बाहेरच्यांकडे बांधाच्या शेजाऱ्यापेक्षा मोठा पैसा आहे. गैरहजर मालकीचा जुना नियम ज्यांच्यासाठी लिहिला होता ते लोक आता खऱ्या अर्थाने आले आहेत, आणि तो त्यांच्यावर बजावला जात नाही. तो राबवायचा असेल तर गाडेवाल्याला आणि घरकामाला परदेशी गेलेल्या बाईला त्यातून वगळून, केवळ गुंतवणुकीसाठी खाचर घेणाऱ्यावर राबवला पाहिजे. प्रत्येक शेतकरी कुटुंबाकडे किमान दोन हेक्टर शेतजमीन असावी यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे १९६० च्या जमीनधारणा कायद्यात लिहिलेले आहे, आणि तो कायदा आजही अमलात आहे.